इस्त्रीपाशी राहिलेला निरोप

मी एक जुनी इस्त्री आहे, आणि जुनी म्हणजे टाकाऊ असं ज्याला वाटत असेल त्यानं मला एकदा एका हातानं उचलून दाखवावं. माझा जन्म भट्टीत झाला. वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं, घासघासून तळवा गुळगुळीत केला, वर लाकडी मूठ बसवली आणि विजेची वायर जोडली. आजकालच्या इस्त्र्या म्हणजे प्लास्टिकच्या बाहुल्या. बटण दाबलं की फुसफुसतात. मी फुसफुसत नाही, मित्रांनो. मी तापते.

मला विकत घेतलं आक्कानं. आक्का सिनेमावाल्यांच्या कपडेपटाची मुख्य. नटनट्यांचे कपडे शिवणं, धुणं, इस्त्री करणं, अंगावर चढवणं, सगळं तिच्या हाती. भलेभले नट तिच्यापुढे हात वर करून उभे राहायचे. "पोट आत घे रे, सेनापती. लढाईला निघालास की पंगतीला?" असं ती म्हणायची, आणि सेनापती निमूट पोट आत घ्यायचा.

हाताखाली तिची सून. आक्काचा मुलगा आजारानं गेला, तेव्हापासून दोघी एकमेकींनाच उरल्या होत्या. घर एक, काम एक, जेवणाचा डबा एक. आणि स्वभाव? तोही एकच, तिथंच तर सगळं अडलं.

माझ्या तळव्याखालून पुष्कळ राजे गेले, पण सांगायचंय ते राणीच्या सिनेमाचं. गोष्ट अशी की कोवळ्या वयात बाप जातो आणि मुलीच्या डोक्यावर मुकुट येतो. दरबारातले म्हातारे तिला शोभेची म्हणून बसवू बघतात. ही बसत नाही. राज्य चोख करते. आणि जीव लावते तो कुणावर, तर घोड्यांची पागा सांभाळणाऱ्यावर! शेवटी म्हातारे म्हणतात, राज्य ठेव नाहीतर त्याला. ती मुकुट काढून ठेवते आणि विटलेला झगा ओढत वेशीबाहेर चालू लागते.

आम्ही मात्र ही गोष्ट ओळीनं कधी पाहिलीच नाही. सिनेमा उलटसुलट काढतात. आमच्या राणीचं त्या पागेवाल्याशी भांडण सोमवारी झालं आणि ओळख गुरुवारी.

त्या राणीचा सगळा दिमाख तिच्या झग्यात होता. गडद जांभळी मखमल, मागे जमिनीवर लोळणारी. तसली मखमल पुन्हा मिळाली नाही, म्हणून झगा एकच. त्यात आधी मुकुटाचा सीन करायचा, मग तोच घासून, मळवून जुना करायचा आणि वेशीचा सीन करायचा. दिग्दर्शकानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आक्का, याला काही झालं तर कपडेपट दुसऱ्याला देईन. मग माझ्याकडे रडत यायचं नाही." दोघींची चूल त्या झग्यावर पेटत होती म्हणा ना.

अशात दोघींचं बिनसलं. राणी झालेल्या मुलीला घट्ट पोशाखात श्वास घेता येईना, म्हणून सुनेनं आक्काला न विचारता शिवण उसवून सैल केली.

"माझ्या शिवणीला हात लावायला तुला सांगितलं कुणी?"

"राणीनं."

"कपडेपटात राणी मी आहे!"

झालं. अबोला सुरू. पण काम तर थांबवता येत नाही, तेव्हा दोघी माझ्याशी बोलू लागल्या. सून माझ्याकडे बघून म्हणायची, "इस्त्रीबाई, सांग कुणाला तरी, सेनापतीचं बटण तुटलंय." आक्का माझ्यावर पाण्याचा थेंब टाकत म्हणायची, "इस्त्रीबाई, सांग कुणाला तरी, आंधळी झाले नाही मी अजून." मला भारी मौज वाटायची. मी फुगले होते, मित्रांनो. वाटायचं, माझ्यावाचून यांचं पान हलत नाही.

मुकुटाचा सीन झाला. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का कपड्यांच्या लांब रांगेमागे गेली. चपला काढून गमबूट चढवले, झगा खांद्यावर टाकला, विटेचा तुकडा आणि चहाच्या पाण्याची बादली घेतली आणि मागच्या दारानं अंगणात गेली. चपला रांगेखाली तशाच राहिल्या.

तेवढ्यात पुढच्या दारानं सून धापा टाकत आली. फिल्म पाहताना कळलं, कालचा सीन फुकट गेला होता. एका भालदारानं जयजयकार करताना भाला उंच धरला, बाही घसरली आणि राणीच्या काळातल्या त्या शूराच्या मनगटावर चकचकीत घड्याळ दिसलं. महालाचा दरबार भाड्यानं घेतलेला, आणि तो उद्या दुपारपर्यंतच आपला. म्हणून सकाळी मुकुटाचा सीन पुन्हा करायचा होता.

सुनेनं रांगेखाली पाहिलं. चपला दिसल्या. तिला वाटलं, सासूबाई पलीकडे उभ्या आहेत. ती मोठ्यानं म्हणाली, "इस्त्रीबाई, सांग कुणाला तरी, झगा आहे तसा ठेवायचा. सकाळी मुकुटाचा सीन पुन्हा आहे." उत्तर आलं नाही. उत्तर कित्येक दिवस येतच नव्हतं, त्यात नवल काय? नाक मुरडून ती भालदारांच्या बाह्या घट्ट करायला निघून गेली.

आणि निरोप माझ्यापाशी राहिला.

मागच्या खिडकीतून आवाज यायला लागला. खर्र. खर्र. मखमलीवर वीट फिरत होती. आक्काचा हात कामाला लागला की थांबत नसे. अगं बाई, थांब! मी आतल्या आत ओरडत होते, आणि बाहेर नुसती टेबलावर बसलेली होते. वायर भिंतीतून काढलेली. निदान तापले असते तर खालचं कापड जाळलं असतं, धूर केला असता, कुणीतरी धावत आलं असतं. गार लोखंडाला कोण विचारतं? खर्र. मग चहाच्या पाण्याचा शिंतोडा. मग पुन्हा खर्र. माझ्यावाचून यांचं पान हलत नाही म्हणत होते ना मी? घ्या.

उन्हं कलली तेव्हा आक्का झगा घेऊन आत आली. खांदे घासून टक्कल पडलेले, पाठीवर पिवळट डाग. वर्षानुवर्षं राज्य करून दमलेल्या राणीचा झगा असाच असेल, इतकं ते काम सुरेख होतं. तेवढ्यात सून आली आणि तिनं झगा ओढून उजेडात धरला.

"आई, हे काय केलंत?"

"बोललीस का शेवटी? काय केलं म्हणजे? जुना केला."

"सकाळी मुकुट आहे, आई! मी सांगितलं ना!"

"कुणाला सांगितलंस?"

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मग आक्कानं माझ्याकडे पाहिलं. मला गरम करून जो चटका द्यायचा तो द्या, पण ती नजर नको.

त्यानंतर अबोल्याला वेळ कुठला? झगा धुतला, वाऱ्यावर धरला. मला तापवून उलटी धरली, तळव्यावर ओलं फडकं घातलं आणि वाफेवर मखमलीची उलटी बाजू फिरवली. सून ब्रशनं लव उभी करत होती. "हळू, आई." "हळूच आहे गं, तू ओढू नकोस." पाठीवरचे डाग फिकटले. पाठ जरा सावरली. पण खांद्यांची लवच गेली होती, तिथं वाफ काय उभं करणार? मी जीव तोडून तापत होते. आक्काची बोटं भाजली, तरी तिनं फडकं सोडलं नाही. शेवटी तिनंच माझी वायर ओढून काढली. "पुरे. मेलेलं उठत नाही."

सकाळी कपडेपट माणसांनी भरला. राणी होणारी मुलगी झग्याच्या बोडक्या खांद्यांवरून हात फिरवत उभी होती, तिच्या डोळ्यांतलं पाणी रंगवलेल्या गालांवर उतरत होतं. दिग्दर्शक ओरडला नाही. हळू आवाजात म्हणाला, "निरोप कुणाकडे दिला होता?"

"माझ्याकडे," सून पुढे आली. "पण मी तो–"

"तिनं मला दिला," आक्का म्हणाली. तिनं सुनेचं मनगट घट्ट दाबलं. "तोंडावर दिला. मीच विसरले. म्हातारी झाले आता."

मित्रांनो, सेनापतींना पोट आत घ्यायला लावणारी बाई सगळ्यांदेखत म्हणाली, म्हातारी झाले. धादांत खोटं. आणि ते खरं ठरवायला ती मुद्दाम वाकून, भिंतीला धरून बाहेर गेली. कपडेपट सुनेकडे राहिला. आक्काला तेवढंच हवं होतं.

दरबार हातचा गेला. सिनेमात तुम्हाला मुकुटाचा सीन दिसतच नाही. बंद दार दिसतं आणि आतून जयजयकार ऐकू येतो. लोक म्हणाले, वा, काय सूचक दाखवलंय! सूचक कसलं डोंबलाचं.

आक्का त्यानंतर घरीच असते. सून कामाचं काही सांगायला गेली की ती म्हणते, "तुझं काम तू बघ. मला विसरायला होतं." खोटं बोलायची सवय लावून घेतली आणि आता खरंच विसरते, असं सून शिंप्याला सांगत होती. परवा म्हणे आक्कानं सुनेला विचारलं, "तू कुणाची गं?"

माझ्या जागी वाफेचं यंत्र आलं. मी वरच्या फळीवर आहे. वायरीचं कापड कुजलं, तळव्यावर गंज चढतोय. मित्रांनो, तुमच्या घरी माझी कुणी बहीण असेल तर काम झाल्यावर तिचा तळवा कोरड्या फडक्यानं पुसा, वायर घट्ट पिळू नका. आणि आपल्या माणसावर रागावलात तर खुशाल भांडा, भांडी आपटा, पण सांगायचं ते त्याच्यासमोर जाऊन, त्याच्या डोळ्यांत बघून सांगा. त्याला ऐकू येतंय तोवर सांगा.