दोन बोटं, पण कुणाची?

सलूनच्या खुर्चीत बसल्यावर बायका एकच माप सांगतात. इंच नाही, सेंटीमीटर नाही. "जास्त नको गं, दोन बोटं काप." कुणाची दोन बोटं, ते कोणी सांगत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं, आणि ते मला चांगलंच महागात पडलं.

मी अंबरनाथजवळच्या मोरिवलीची, नाव चिमी. गावाला लागूनच कारखाने, घरातले दोघं तिथेच कामाला. केस कापायचं काम आमच्यात आजवर कोणी केलेलं नाही. बारावीनंतर मी हेअरचा कोर्स लावला तेव्हा आई आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी म्हणाली, "लोकांची डोकी धुवाला जाशील, नि आमी गावात काय सांगाचं?" मी म्हटलं, सांग की पोरगी डोकी धुते. उलट उत्तर द्यायला मला कधी कोर्स लावावा लागला नाही.

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये मोहिनी मॅडमच्या सलूनमध्ये मी लागले. मॅडम सिंधी. खूश असल्या की 'पुट', म्हणजे बाळा, म्हणतात, चिडल्या की नावाने हाक मारतात. सलूनमध्ये खुर्च्या तीन. एक समीरची, एक तेजस्वीची, तिसरी रिकामी. काउंटरवर अपॉइंटमेंटची वही, तिच्यात रकाने मात्र दोनच. ती तिसरी खुर्ची आणि वहीतला तिसरा रकाना मला हवा होता. दोन वर्षं मी डोकी धुतली, रंग कालवला, जमिनीवरचे केस झाडले आणि जाता-येता त्या वहीकडे बघितलं. एवढी हाव मला आयुष्यात दुसऱ्या कशाची सुटली नव्हती.

एका रविवारी संधी आली. तेजस्वी रजेवर, समीर नवरीच्या केसांत अडकलेला, आणि बदलापूरहून कुमुदिनीताई आलेल्या. त्या मॅडमच्या जुन्या गिऱ्हाईक. नवरा कारखान्यातून ऑफिसर म्हणून निवृत्त, आणि मुलाचा, अनीशचा, साखरपुडा चार दिवसांवर. मॅडमने माझ्या हातात कात्री दिली आणि म्हणाल्या, "साधा ट्रिम आहे पुट, तू कर."

कुमुदिनीताईंचे केस कुरळे, खांद्याला टेकणारे. त्यांनी दोन बोटं सांगितलं. मी केस धुतले, विंचरून सरळ केले, ओल्या केसांना माझी दोन बोटं लावली आणि कापले. उजवी बाजू जरा लांब वाटली म्हणून तिकडे थोडे घेतले. मग डावी लांब वाटली. ओले कुरळे केस ताणलेले असतात आणि सुकले की वर चढतात, हे मला माहीत होतं. परीक्षेत लिहिलंसुद्धा होतं. पण हातात पहिल्यांदा कात्री आल्याच्या आनंदात डोकं घरी राहिलं होतं.

ड्रायर लावला आणि केस वर चढायला लागले. हनुवटीशी आले, थांबले नाहीत, कानाच्या पाळीपर्यंत गेले. तिथे दोन्ही बाजूंना फुलून बसले. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. आरशात बघत त्या फक्त म्हणाल्या, "मी दोन बोटं म्हटलं होतं."

त्या गेल्यावर मॅडमने कात्री ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं. म्हणाल्या, "चिमी, अभी सिर्फ शाम्पू." आणि हेही सांगितलं, की दिवाळीनंतर कल्याणहून एक मुलगी येणार आहे, तिसरी खुर्ची तिची. दिवाळीला अडीच महिने होते.

त्या दिवशी शेअर रिक्षात मी रडले. शेजारी जीन्सचं गाठोडं मांडीवर घेतलेली बाई बसली होती, तिने सरकून मला जागा करून दिली. अंबरनाथ येईपर्यंत रडून झालं. मग राग आला, आणि राग आला की मला सुचतं. आमच्या घरात सगळ्यांचे केस कुरळे. शिकायला डोकी शोधायला मला लांब जायची गरज नव्हती.

बुधवारी माझी सुट्टी. दर बुधवारी मी दारापुढच्या ओट्यावर स्टूल मांडलं. पहिली बसली गोदूआत्या, तीही मी तिला घाबरट म्हटलं म्हणून. तिची अट एकच, कापल्यावर गजरा माळता आला पाहिजे. तिच्या एका बटेला मी दोरा बांधला, बट कोरडी मोजली, ओली करून मोजली. ओली चार बोटं, कोरडी दोन. शेजारच्या अल्पेशच्या बायकोचं वेगळंच निघालं. आणि एकाच डोक्याच्या दोन बाजू सारख्या नसतात. आत्या उजव्या कुशीवर झोपते, तिकडची बट दबलेली आणि लांब. हे मला कोर्समध्ये कोणी सांगितलं नव्हतं. मग मी पाणी लावणंच सोडलं. कोरडे केस, जसे रोज दिसतात तसेच, एकेक बट हातात घेऊन कापायला लागले. आई दारात उभी राहून तांदूळ निवडायची, लक्ष नसल्यासारखी. सहाव्या बुधवारी मात्र तिने स्टूलावर उशी आणून ठेवली.

पण मोरिवलीतली डोकी मॅडमना दिसणार नव्हती. त्यांनी बघावं असं एकच डोकं होतं, आणि ते मीच बिघडवलेलं. दोन बुधवार हिंमत गोळा करण्यात गेले. तिसऱ्या बुधवारी मी बदलापूर गाठलं.

दार कुमुदिनीताईंनीच उघडलं. केस आता पाळीखाली, हनुवटीकडे उतरलेले, पण खाली पसरट, वर चपटे. त्यांनी पाणी दिलं आणि समोर बसल्या. मी वाक्य पाठ करून गेले होते, ते विसरले. "मला तुमचेच केस परत कापायचेत," एवढंच म्हटलं.

 मग त्यांनी मोबाइलवर साखरपुड्याचे फोटो दाखवले. अनीश, त्याची राजसी, व्याही, मामा-मावश्या. नवरामुलाची आई कुठेच दिसेना. मग एका फोटोत उंच दिराच्या मागे अर्धा चेहरा दिसला. "सगळ्या फोटोंत मी मागे उभी आहे," त्या म्हणाल्या. तेव्हा मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. मी माफी मागितली, आणि ती खुर्चीसाठी नव्हती.

त्यांनी माझा हात बघायला मागितला. माझा हात बापावर गेलाय, बोटं जाड. त्यांनी आपली बोटं माझ्या बोटांशेजारी ठेवली. माझी दोन म्हणजे त्यांची तीन भरली. हे बघून त्यांना हसू आलं. मी पर्समधून कंगवा काढला, त्यांच्या दोन बोटांना लावला आणि तिथे लाल नेलपॉलिशची खूण केली.

"मंगळवारी येते," त्या म्हणाल्या.

मी चपापले. मंगळवारी केस कापायला आमच्याकडे चिटपाखरू येत नाही, आणि कुमुदिनीताईंचा तर मंगळवारचा उपास. मी तसं म्हटलं.

"म्हणूनच. पुन्हा बिघडलं तर सलूनमध्ये बघायला कोणी नसेल. देव समजून घेईल, नातेवाईक नाही घेणार."

मंगळवारी त्या आल्या आणि काउंटरवर सांगितलं, चिमीकडूनच कापून घ्यायचे आहेत. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मग ड्रॉवरचं कुलूप काढलं आणि म्हणाल्या, "मेरी जिम्मेदारी नहीं." समीर आणि तेजस्वी रिकामेच होते, दोघंही भिंतीला टेकून उभे राहिले.  माझे हात आता आत्याच्या डोक्यावर तयार झालेले होते.

मी पाण्याला हात लावला नाही. विचारलं, "किती कापू?"

"दोन बोटं," त्या म्हणाल्या आणि आपला हात वर केला. "माझी."

एकेक बट धरायची, कंगव्याची लाल खूण लावायची, कापायची. खालचा पसरटपणा काढला, वरच्या बटांना मोकळं केलं. त्या कोणत्या कुशीवर झोपतात ते विचारलं तेव्हा तेजस्वी फिसकन हसली, समीर हसला नाही. उजवी-डावी सारखी करण्याचा मोह दोनदा झाला आणि दोन्ही वेळा मी कात्री खाली ठेवली. सव्वा तास लागला. मग मी मागे आरसा धरला.

कुमुदिनीताईंनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. केस त्यांच्या चेहऱ्याभोवती अलगद बसले होते आणि मान हलवली तशा बटा हलत होत्या. त्यांनी चष्मा घालून पुन्हा पाहिलं. मग उठल्या आणि सरळ काउंटरकडे निघाल्या. मॅडमने वाटेतच त्यांना थांबवलं, मागून एक बट ओढून सोडली. ती जागच्या जागी परत बसली. मॅडमने आणखी एक ओढून बघितली.

"पुढची अपॉइंटमेंट लिहा," कुमुदिनीताई म्हणाल्या. "अनीशचं लग्न आहे, त्याच्या आदल्या दिवशीची. चिमीकडे."

मॅडमने वही उघडली. समीरचा रकाना होता, तेजस्वीचा होता. त्यांनी पेन हातात धरून ठेवलं आणि म्हणाल्या, लग्नाचं काम आहे, समीरकडे लिहिते, तो अनुभवी आहे.

"चिमीकडेच लिहा," कुमुदिनीताई म्हणाल्या. "या वेळी मला फोटोत पुढे उभं राहायचंय."

मॅडमने रिकाम्या तिसऱ्या खुर्चीकडे पाहिलं. मग हात पुढे करून म्हणाल्या, "पुट, कंगवा दे." मी दिला. त्यांनी तो वहीच्या पानावर उभा ठेवला आणि लाल खुणेवर अंगठा दाबून, त्याच्या कडेने तिसऱ्या रकान्याची रेघ मारली.