रिकाम्या गोळ्या

बोरगावच्या आप्पाण्णांच्या हृदयातली एक झडप अरुंद होत चालली होती. बेळगावच्या डॉक्टर विनोदिनींनी ती पडद्यावर दाखवली. झडपेवर चुन्यासारखा थर साचला होता, त्यामुळं ती पुरती उघडत नव्हती. ऑपरेशनची वेळ अजून आली नव्हती, पण पुढंमागं येणार होती.

"हे थांबवायला गोळी नाही का?" सोबत आलेल्या मुलीनं, क्षमानं विचारलं. ती निपाणीत शिक्षिका होती.

"आजवर एकही लागू पडलेली नाही. एका औषधाची चाचणी चालू आहे. निम्म्या लोकांना औषध, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या रिकाम्या गोळ्या. कुणाला काय मिळतं, ते मलाही कळत नाही."

आप्पाण्णांनी तिथंच होकार दिला. त्यांच्या वयाच्या माणसाला बहुधा जनावराच्या शरीरातून घेतलेली झडप बसवतात, हे त्यांनी विचारून घेतलं होतं. तळहातावर डास बसला तरी फुंकरून उडवणारा माणूस तो. धातूची झडप मिळाली असती, पण तिच्यासोबत रक्त पातळ करणारं औषध जन्मभर घ्यावं लागतं, आणि आप्पाण्णा पोटातल्या रक्तस्रावातून एकदा कसेबसे वाचले होते. उरली ती गोळी.

सुरुवातीला गुण आल्यासारखं वाटलं. दम लागणं कमी झालं, ते पुन्हा मळ्यात जायला लागले. "औषधच लागलंय मला," ते सगळ्यांना सांगायचे. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मात्र बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, पायऱ्या चढताना ते मध्येच बसायला लागले. दिवाळीच्या आधी ते अंगणात चक्कर येऊन पडले.

त्याच सुमारास बेळगावहून बोलावणं आलं. या वेळी मुलगा गोमटेशही सोबत गेला.

"चाचणी थांबवलीय," डॉक्टर म्हणाल्या. "औषध घेणाऱ्यांची आणि न घेणाऱ्यांची झडप सारखीच अरुंद होत गेली. तुमच्या गोळ्या रिकाम्या होत्या."

"मग मला बरं वाटलेलं?"

"असं होतं कधी कधी."

गोमटेश उठून उभा राहिला. "दोन वर्सं आमच्या आप्पांना फसवलंसा तुम्ही."

"न्हाय रं," आप्पाण्णा म्हणाले. "त्यांनी पैल्यांदाच सांगितलं हुतं. आपुनच दुसऱ्या निम्म्यात हाय म्हणून धरून बसलो."

डॉक्टरांनी पुढचं स्पष्ट सांगितलं. आता वाट बघण्यात अर्थ नव्हता. छाती न फाडता मांडीतल्या धमनीतून झडप बसवता आली असती, पण ती जनावराचीच. छाती उघडून धातूची बसवली तर पोटातला रक्तस्राव पुन्हा होण्याची भीती होती. काहीच केलं नाही तर वर्ष निघेल याची खात्री नव्हती.

"नको," आप्पाण्णा म्हणाले.

परतीच्या वाटेवर गोमटेशनं संकेश्वरला वडिलांच्या हातात चहा दिला. मग म्हणाला, "आप्पा, दूध चालतंय की तुम्हाला."

"दूध दिऊन म्हस जित्ती ऱ्हाती, गोमटेश."

त्या दिवसांत गावात मुनिमहाराज मुक्कामाला होते. क्षमा त्यांच्याकडे गेली. आजारपणात इलाज करून घ्यावा, मागाहून प्रायश्चित्त घेता येईल, असं त्यांनी सांगितलं. तिनं घाईनं घरी येऊन वडिलांना ते सांगितलं. आप्पाण्णांनी हात जोडले.

"महाराजांची दया मोठी. मला सूट मिळाली. त्या जनावराला कोण दील गं?"

त्यांची बायको लक्ष्मीबाई चुलीपाशी बसून ऐकत होती. "आणि मी?" ती म्हणाली. "माझा जीव न्हाय व्हय? तुमच्यामागं मी कशी जगू, ते इचारलंसा का कुणाला?"

आप्पाण्णा उठून तिच्याजवळ जाऊन बसले. पण मन बदललं नाही.

गोमटेशनं त्यांच्याशी बोलणं सोडलं. पाण्याची बादली भरून द्यायचा, बस्तीपर्यंत हात धरून न्यायचा, पण शब्द नाही. माघात एका सकाळी आप्पाण्णा आंघोळ करून बाहेर आले आणि भिंतीला टेकत खाली बसले. गोमटेश धावला. "आप्पा," त्यानं हाक मारली. कितीतरी दिवसांनी मारलेली ती हाक आप्पाण्णांना ऐकू गेली की नाही, ते कळलं नाही.

दहन उरकून महिनाही झाला नव्हता, तेव्हा क्षमाला फोन आला. चाचणीत असलेल्या सगळ्यांची शेवटची तपासणी ठेवली होती. आप्पाण्णांना कधी आणता येईल, पलीकडची मुलगी कन्नडमध्ये विचारत होती. क्षमानंही कन्नडमध्येच सांगितलं, वडील गेले. मुलीनं माफी मागितली. मग अडखळत विचारलं, मृत्यू कशानं झाला? नोंद करावी लागते.

"झडपेनं," क्षमा म्हणाली.

फोन ठेवल्यावर गोमटेशनं विचारलं, "काय म्हणत हुते?"

"आप्पांना तपासायला बोलावलं होतं."

आत लक्ष्मीबाई भाकऱ्या थापत होती, आणि तिनं अजून आप्पाण्णांच्या वाटची भाकरी कमी केली नव्हती.