इंझोरीनं उचललेली ओळ

"बाबाजी, हे खोकणं, हे कुत्र्याचं भुंकणं, सगळं मी कॉम्प्युटरवर काढून टाकते. मग आजींचा आवाज कसा लख्ख येईल बघा!"

सुकेशनीने हौसेने सांगितलं आणि उकंडरावांचा चेहराच उतरला.

उकंडराव म्हणजे इंझोरी गावचे जुने रेडिओ मेकॅनिक. वय पंचाहत्तर, पाठ ताठ, जीभ पाठीपेक्षा ताठ. सुकेशनी मूळची मंगरूळपीरची, आता पुण्यात एका वाहिनीत होती. परदेशातला ऑपेरा रेडिओवर कसा आला, आपल्याकडे संगीतिका, म्हणजे सगळंच गाऊन सांगायचं नाटक, रेडिओवर आणि पुढे टीव्हीवर कशी रुजली, यावर ती मालिका करत होती. त्र्याऐंशी सालच्या बुद्धपौर्णिमेची एक संगीतिका तिला कुठेच सापडत नव्हती. ती थेट प्रसारित झाली होती, टेप कुणी ठेवलीच नव्हती. होती ती फक्त उकंडरावांकडे, रेडिओपुढे टेपरेकॉर्डर धरून भरलेली कॅसेट. त्यात यशोधरा गायली होती त्यांची बायको, वच्छला. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती.

"हात नोको लावू त्या आवाजाईले," उकंडराव म्हणाले.

"पण काहून?" सुकेशनीच्या तोंडून पुणं सुटलं आणि मंगरूळपीर निघालं.

"आयक पुढं."

त्यांनी बटण दाबलं. खरखरीतून वच्छलाबाईंचा आवाज वर चढला, "सांग राहुला, कोणत्या वाटेनं गेले तुझे तात..." आणि मध्येच थांबला. थांबला तोच पन्नास-साठ गळ्यांनी ती ओळ टाळ्यांसकट उचलली. ती संपता संपता वच्छलाबाईंनी पुढची ओळ धरली.

"वा! काय कोरस आहे!"

"कोरस नाई पोरी. थे आमचं गाव हाय."

वच्छलाबाई आंबेडकरी जलशात वाढलेल्या. जलशाची रीत अशी, की गाणारीने ओळ टाकून थांबायचं आणि समोरच्या लोकांनी ती उचलायची. स्टुडिओत समोर लोक कुठले? काचेपलीकडे दोन साहेब, बस्स. पण हाडात मुरलेली सवय ती. बाईंनी ओळ टाकली आणि थांबल्या. पेटीवाला बावचळला, तबलजीचा हात वरच राहिला. आठ मात्रा रेडिओ गप्प! इकडे इंझोरीत विहारापुढे सारा गाव रेडिओला कान लावून बसलेला. वच्छली थांबली म्हणजे आपली पाळी, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"घरी आली थे रडतच," उकंडराव म्हणाले. "म्हने, म्या नाक कापलं तुमचं. मंग मी हे कॅसेट लावली. आयकलं, डोये पुसले अन् म्हने, मंग मी काई चुकली नोती! मरेपावतर ताठ मानेनं गायली थे. आता तू गाव काढून टाकशीन, तं माही वच्छला साऱ्या दुनियेले चुकलेली दिसन."

सुकेशनीने कागद पुढे ओढला. "एक आवाज काढत नाही बाबाजी. कुत्रंसुद्धा राहील. पण मग शेवटी पाटीवर गाणाऱ्यांची नावं द्यावी लागतील. कोण कोण आहेत हे?"

उकंडरावांची छाती फुगली. त्यांनी टेप मागे नेली आणि एकेक आवाज ओळखून सांगू लागले.

"हा खालच्या सुरातला, कालकथित देवमन. हे वरची, कालकथित हेमला. टायी आधीच मारते थो कालकथित लखमा, त्याले तालाचं वावडंच व्हतं. बेबीताई हाय अजून. तिले नुसतं बेबीताई लिव."

कागद भरला, सुकेशनीने दुसरा घेतला. "आणि यात तुमचा आवाज कोणता?"

"माहा नाई त्यात."

"अहो, घरचं माणूस गाताना तुम्ही गप्प?"

"मशीन माह्याच हातात व्हती. मी तोंड उघडलं असतं, तं दुसऱ्या कोनाचाच आवाज भरला नसता. सारं गाव तिच्यासंगं गाऊन राह्यलं व्हतं, अन् मी दम धरून बसलो व्हतो."

सुकेशनीचं पेन थांबलं.

"लिव पुढं," उकंडराव म्हणाले. "कालकथित रूपला."