रेघेबाहेरचा गडी

आमच्या उंब्रजच्या देवळात कीर्तन असलं की बुक्क्याचं ताट माझ्याकडे असतं. पूर्वरंग संपतो, बुवांच्या गळ्यात हार पडतो, नामाचा गजर सुरू होतो आणि मी कपाळाकपाळाला बुक्का लावत फिरतो. तेवढ्यात कुणी पाय मोकळे करतं, कुणी पान जुळवतं, बायका पोरांना दटावून घेतात. सगळी सभा झाली की शेवटचं बोट मी उंबऱ्याबाहेर न्यायचो. तिथे आकाराम बसलेला असायचा.

एके काळी हुतूतूत त्याच्यासारखा दमाचा गडी साताऱ्यापासून सांगलीपर्यंत नव्हता. लढाईच्या दिवसांत सांगलीची ढाल जिंकून आला आणि त्याच आठवड्यात त्याने खालच्या आळीचा संघ सोडला. का, ते कुणाला सांगितलं नाही. देवळात येऊन बसा म्हटलं तर म्हणायचा, “मी मेलेला गडी हाय, दादा. रेघंच्या आत कसा येऊ?”

लोक हसायचे. मला हसू येत नसे, कारण हे बोलताना त्याचा कान नदीकडे लागलेला असे. एकदा संध्याकाळी माझा दंड घट्ट धरून त्याने विचारलं होतं, “वाळवंटात कोन दम घुमवतंय? तुमाला आईकू येतंय का?” मला कृष्णेचं पाणी तेवढं ऐकू येत होतं.

मेलेला गडी म्हणजे काय, ते सांगतो. आमच्याकडच्या हुतूतूत बाद झाला तो मेला. त्याने रेघेबाहेर जाऊन बसायचं. आपल्यातल्या कुणी दम धरून, म्हणजे एका श्वासात ‘हुतूतू’ घुमवत, पलीकडे चढाई केली, समोरचा एखादा शिवला आणि दम न तुटता परत रेघ गाठली, की आपला एक मेलेला उठतो, पुन्हा खेळतो. तोवर मेल्याने तोंड उघडायचं नाही. बाहेरून नुसता आवाज दिला तरी आपल्याच गड्याची चढाई फुकट जाते.

ही गोष्ट शेहेचाळीस सालच्या माघातली. दुसऱ्या दिवशी खालच्या आळीचा संघ सांगलीला ढालीच्या सामन्याला निघायचा होता, म्हणून संघाचे पुढारी लालासाहेब यांनी कीर्तन ठेवलं होतं. जुनी ढाल खांबाला टांगली होती, तिला झेंडूची माळ. पहिल्या रांगेत संघ बसला होता आणि मधोमध कृष्णात. विशीतला पोरगा, सुलाबाईचा धाकटा. थोरला गुंडा हा याच संघातून खेळायचा. ढाल जिंकून परत येताना वाटेत तापाने गेला, असं गाव म्हणत होतं आणि सुलाबाईही तेच धरून बसली होती.

तालमीत कृष्णातच्या बरगडीला मार बसला होता. सदऱ्याखाली हळद लावून धोतराचा पट्टा आवळून बांधला होता. नामाच्या गजरात सगळ्यांचा सूर पुरा व्हायच्या आधी त्याचा श्वास संपत होता. मी बुक्का लावायला वाकलो तेव्हा तो हसला, पण हसताना एक हात बरगडीवर गेला.

बुवा तासगावकडचे, आवाज मोठा गोड. श्वास हा देवाघरचा पाहुणा, त्याला नामाचा पाट मांडावा, असं त्यांनी इतक्या मायेने रंगवलं होतं की माझे डोळे भरले होते. दिवस कलला होता. बुक्का वाटून मी दाराशी पोचलो, तर आकाराम उभा. आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा भर सभेत तोंड उघडलं.

“लालासाहेब, त्या पोराला सांगलीला नेऊ नगा.”

गजर मोडला. लालासाहेबांनी मान वळवली. “काय म्हनतोस रं?”

“पोराची बरगडी मोडलीया. त्याला दम धरवत न्हाई.”

“आवळून बांधलंय की! आन् त्याच्याबिगर चढाई कोन करनार? तू?”

पहिली रांग हसली. त्यातला धुळा, संघाचा भरभक्कम गडी, मागे वळून म्हणाला, “आवं आकारामदा, मेलेल्या गड्यानं बोलायचं नसतं. नेम इसारलासा व्हय?”

“न्हाई इसारलो,” आकाराम म्हणाला. “त्या नेमानंच घात केला.” त्याचा आवाज चढला नव्हता, पण खांबाआडच्या बायकांपर्यंत पोचत होता. “ह्या संघाची लाज वाटती मला. ही ढाल देवळात लावायची न्हाई, गाडायची हाय. त्या दिशी सांगलीत मी मेलो हुतो, रेघंबाहेर बसलो हुतो. गुंडाला ताप हुता. चढाईआधी तो पंच्यात खोकला, मला रगत दिसलं. म्हनलं वरडावं, जाऊ नगं म्हनावं. वरडलो असतो तर चढाई फुकट गेली असती. मी नेम पाळला. तो गेला, एकाला शिवला, आन् रेघंवर हात टेकून पडला. पंच म्हनला, आकाराम उठला.”

आकारामने ढालीकडे बोट केलं.

“त्याच्या अंगावरनं मी आत खेळायला गेलो. लालासाहेब, तुमी म्हनला, डाव संपू द्या मग बघू. मिरजेत गाडी बदलली तवा तो बाकावर आडवा हुता. दवाखाना हाकंवर. तुमी म्हनला, सकाळी मिरवनूक हाय, गाव वाट बघतंय. मसूर ठेसन यायच्या आत तो थंड झाला.”

“ताप हुता त्याला,” लालासाहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता. दर वर्षी सुलाबाईच्या घरी गुळाची ढेप पोचती करायचा. “देवाच्या मनात हुतं गड्या. आमी काय मारलं का त्याला?”

बायकांत सुलाबाई उठून उभी राहिली. पदर सावरत तिने लालासाहेबांकडे पाहिलंच नाही. “आकाराम, पानी मागितलं का रं त्यानं?”

“मागितलं, आत्ती.”

“कुनी दिलं?”

आकारामने नुसती मान हलवली. सुलाबाई खाली बसली.

मग कृष्णात उसळला. “मी जानार! माझा भाऊ ज्या ढालीपायी गेला ती मी सोडू व्हय? कोन आडवतंय बघतो.” एवढं बोलून त्याला धाप लागली.

लालासाहेबांना तेवढा आधार पुरला. “बघा. पोरगा सोता म्हनतोय.”

आकारामने पायातल्या वहाणा काढल्या. उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला, मैदानात शिरताना मातीला लावतात तसा. छाती भरून घेतली आणि दम सुरू केला. “हुतूतूतूतू...”

चाळिशी उलटलेला माणूस वाकून, हात पसरून सभेत शिरला. माणसं आपोआप सरकली. पहिल्या रांगेतले गडी हसायचं विसरून गुडघ्यांवर आले. अंगात मुरलेलं काही केल्या जात नाही. धुळाने तर पकडायला हातही पुढे काढला आणि देवळात आहोत हे आठवून मागे घेतला. कृष्णात उठून बाजूला झुकला, पण झुकताना बरगडी दुखली आणि तो अर्ध्यात थांबला. आकारामची बोटं त्याच्या खांद्याला लागली.

आता परतायचं होतं. दम रेघेपर्यंत पुरला नाही तर शिवणं फुकट. खांबापाशी आकारामचा आवाज फाटला. चेहरा काळवंडला, पाय ओढू लागले, ओठ मिटले. मी उंबऱ्याशी होतो, ताट माझ्या हातात होतं, म्हणून सांगतो. ओठ मिटलेले मी पाहिले आणि दम चालूच होता. बारीक, तरुण, ताप चढलेल्या गळ्याचा. सुलाबाईने दोन्ही हात तोंडावर घेतले. आकारामची बोटं उंबऱ्याला टेकली, आणि आवाज थांबला.

सगळे बुवांकडे बघू लागले. का, कोण जाणे; मधोमध उभा असलेला पंच म्हणजे तेच होते. बुवांचे डोळे पाण्याने भरले होते. त्यांनी झांजेवर एकच टोला दिला.

“कृष्णात बाद,” ते म्हणाले.

पोरगा क्षणभर उभा राहिला. लालासाहेबांकडे पाहिलं, खांबावरच्या ढालीकडे पाहिलं. मग, लहानपणापासून शिकला होता तसा, मान खाली घालून रांगेतून निघाला आणि आईजवळ जाऊन बसला. सुलाबाईने सदऱ्यात हात घालून पट्ट्याची गाठ सोडली. एवढा मोठा श्वास त्याने घेतला की मागच्यांनाही ऐकू गेला.

लालासाहेबांनी ढालीची माळ काढली, हातात धरली आणि काय करावं ते न सुचून बुवांच्या पायाशी ठेवली.

संघ दुसऱ्या दिवशी एक गडी कमी घेऊन सांगलीला गेला आणि हरून आला. त्यावर गावात पुष्कळ बोललं गेलं. त्या संध्याकाळी मात्र कीर्तन पुढे चाललं. पेटीवाल्याने सूर धरला. आकारामला मी हात दिला तर तो म्हणाला, “आत बसू का, दादा?” मी त्याला खांबापाशी टेकवलं, बुक्का लावला. त्याचं कपाळ घामाने थंडगार झालं होतं.

मग सवयीने मी ताट घेऊन उंबऱ्याबाहेर आलो. पायरी रिकामी होती. खाली नदी काळवंडत होती. आत बुवांनी उत्तररंग उचलला, तरी मी वळलो नाही. बोट बुक्क्यात बुडवलं आणि जिथे गुंडाचं कपाळ असायला हवं होतं तिथे, हवेत, धरून उभा राहिलो.