चाकू की साक्कू?

मी चाकू बोलतोय. पोतं नव्हे. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण एकदा माझं पोतं झालं होतं.

पूर्वजन्मी मी बस होतो. म्हणजे बसखालच्या स्प्रिंगचा एक पाटा. तंजावर ते पापनाशम, रस्त्यावरचा एकेक खड्डा मी पाठीवर झेलला. बस मोडीत निघाली तेव्हा तिरुवैयारुच्या एका लोहाराने मला भट्टीत घातलं, ठोकून ठोकून पातळ केलं आणि ताडाच्या लाकडाची मूठ बसवली. मिटलं की मुठीत निजायचं, उघडलं की चमकायचं. खड्ड्यांच्या मानाने फारच सुखाचं आयुष्य.

मला घेतलं विश्वेशने. तो तंजावरात पाण्याचे पंप दुरुस्त करतो. बोलतो कमी, चाकू जमवतो फार. घरी पत्र्याच्या डब्यात माझे भाऊबंद तेल लावून झोपलेले असतात. एक कलमं करायचा, एक सुपारीचा, एक परदेशी. त्याला बाटलीचं बूच काढायचा स्क्रू आहे आणि त्याने जन्मात बाटली पाहिलेली नाही. ते सगळे जपून ठेवायचे. खिशातला मी एकटा. केळीचं पान कापायला मी, वायर सोलायला मी, शेजारच्या सौम्याच्या पेन्सिलीला टोक करायला मी, आणि धुऊन पुसून आंबा चिरायलाही मीच. दिवस कसा जातो कळत नाही.

पण माझ्यापायी विश्वेशचं एक लग्न मोडलं. मुलगी पाहायला गेला होता. कुणाच्या तरी गजऱ्याचा दोरा तुटेना म्हणून याने मला बाहेर काढलं. मुलीची आई म्हणाली, "खिशात सुरी घेऊन फिरणारा जावई नको," आणि उठून आत गेली.

म्हणून पापनाशमच्या हरिताला पाहायला निघताना कनकलता आत्याने बजावलं, "या वेळी लपवायचं नाही. पण सांगायचं मी. तू दाखवायचं नाही. हेही मोडलं तर मी पुन्हा कुणाच्या दारात जायची नाही." विश्वेशने मान हलवली आणि सवयीने मला खिशात टाकलं. बस माझ्या ओळखीच्या खड्ड्यांवरून उडत गेली. मी आत नाचत होतो.

हरिताचे वडील सूर्यनारायण मामा भातशेती करतात. घर आपलंच, तंजावरी मराठी. पण तीन वाक्यांतली दोन तमिळ. काफी येण्याआधीच आत्याने सांगून टाकलं, "मुलगा गुणी आहे. नाद एकच. चाकू जमवतो."

आता त्या घरात सुरीला सुरीच म्हणतात. आणि तमिळमध्ये साक्कू म्हणजे पोतं. सबबीलाही साक्कूच म्हणतात, पण ते नंतर.

मामांचा चेहरा उजळला. "साक्कू? ठेवता कुठं?"

"डब्यात," विश्वेश पुटपुटला.

"डब्यात मावतात?"

"मिटून ठेवतो. तेल लावून."

"तेल लावून," मामा हळूच म्हणाले. "आम्हाला हे कधी सुचलंच नाही."

ते त्याला थेट कोठारात घेऊन गेले. मागून आत्या, आणि काफीचा पेला घेऊन हरिता, ओठ गच्च मिटून. मामांनी एक जुनं पोतं झटकलं. "हे माझ्या वडिलांच्या वेळचं. वीण बघा."

विश्वेशला एव्हाना कळलं होतं. पण होणाऱ्या सासऱ्याला चूक दाखवण्याइतका आवाज त्याच्याकडे नव्हता. "घट्ट आहे," तो म्हणाला.

"आवडलं?"

"छान आहे."

मामा इतके खूश झाले की आणखी जुनं दाखवायला त्यांनी थप्पीच्या तळातलं पोतं ओढलं. थप्पी घसरली. थप्पी बांधलेल्या सुतळीचा फास त्यांच्या पायात अडकला आणि मामा एका पायावर उड्या मारत पोत्यांमागे ओढले जाऊ लागले. "अय्यो, सुरी आणा कुणीतरी."

विश्वेशचा हात खिशात आला. त्याने आत्याकडे पाहिलं. आत्याने डोळे मिटून घेतले. मग मी उघडलो. एक झटका, सुतळी तुटली, मामा धपकन पोत्यांवर बसले.

सगळे माझ्याकडे पाहत होते.

"हे काय?" मामांनी विचारलं.

"चाकू." या वेळी आवाज निघाला. "मामा, मी हे जमवतो. पोती नाही."

मामांनी माझ्याकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं, मोकळ्या पायाकडे पाहिलं. "मग तेल?"

"चाकूंना."

मामा असे हसायला लागले की पोत्यावरून घसरले. हरिताच्या हातातली काफी सांडली.

"तुला माहीत होतं?" आत्याने तिला विचारलं.

"तुम्ही म्हणालात तेव्हाच. पण हे पोत्याला छान म्हणतात का, ते ऐकायचं होतं." मग तिने विश्वेशपुढे हात केला. त्याने मला मिटून दिलं. तिने उघडलं, दाराबाहेरच्या केळीच्या पानावर चालवलं. "धार कोण लावतं?"

"मीच."

"मग हा इथं राहू दे. आमच्या सुऱ्या बोथट आहेत. न्यायला या."

तेव्हापासून मी पापनाशममध्ये आहे. दर रविवारी विश्वेश मला न्यायला येतो, सगळ्या सुऱ्यांना धार लावतो आणि मला विसरून जातो. "मुलाला विसरायचा रोग आहे का?" मामा विचारतात. "नव्हता. इथंच लागला," आत्या म्हणते, आणि मुहूर्ताचं बोलणं पुढे सरकतं.

तर मी चाकू बोलतोय. पोतं नव्हे, पण सबबीचा साक्कू म्हणाल तर आता आहे. लग्न होईपर्यंत एवढं करा, विश्वेश तुम्हाला बसमध्ये भेटला तर त्याला माझी आठवण करून देऊ नका.