माझ्या इंजिनातली टकटक

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी मोटार आहे. पांढरी हे कागदोपत्री. प्रत्यक्षात माझा रंग उन्हाळ्यात धुळीचा आणि पावसाळ्यात चिखलाचा असतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे मला शेकडो हातांनी जोडले आणि शेवटी एका माणसाने माझ्या टपावर थाप मारून "जा" असे म्हटले. माझ्या शिक्षणाबद्दल एवढेच सांगता येईल. १९९९ साली मी गोंदिया जिल्ह्यात, बोदलकशाच्या तलावाजवळच्या एका गावात आले. मनिराम पटले या धानाच्या शेतकऱ्याने मला विकत घेतले. त्या दिवशी अख्खे गाव मला पाहायला आले. माझ्या नाकावर कुंकू लावले, गळ्यात हार घातला आणि चाकाखाली लिंबू ठेवले. मी लिंबू चिरडले तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या सोप्या कामाचे एवढे कौतुक पुढे कधीच झाले नाही.

मी खूप राबले. वरातीत नवरदेव नेले, बाजारात पोती नेली, एकदा मागच्या सीटवर एक बकरी नेली. ती वाटभर खिडकीतून बाहेर बघत होती आणि उतरताना तिला उतरावेसे वाटेना. पण वर्षे गेली. मनिरामचा मुलगा धनेंद्र मला चालवू लागला आणि माझ्याकडे बघून सुस्कारे टाकू लागला. त्याला नवी गाडी हवी होती.

मला जीव लावला तो त्याच्या बायकोने, फुलवंताने. तिच्या बचत गटातल्या बाया पोहे बनवत. ते तिरोड्याच्या बाजारात न्यायचे तर धनेंद्रच्या मर्जीची वाट बघावी लागे आणि धनेंद्रची मर्जी बहुधा बाजार उठल्यावर येई. म्हणून फुलवंताने स्वतःच गाडी शिकायचे ठरवले. धान कापून रिकाम्या झालेल्या बांधीत ती मला फिरवी. पहिल्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून एक धुरा, म्हणजे शेताचा बांध, ओलांडला. तो ओलांडायचे दोघींच्याही मनात नव्हते.

मग आला २००८ चा जून. पेरणी तोंडावर आली होती, फुलवंताची लायसनची परीक्षा शुक्रवारी होती आणि माझ्या इंजिनातून आवाज येऊ लागला.

टक टक टक टक.

वेग वाढवला की टकटकटकटक. वेग कमी केला की टक... टक... जणू आत कोणी बसून सुपारी फोडत आहे. मित्रांनो, मला स्वतःला काही कळत नव्हते. बोनेटखाली काय चालले आहे हे मोटारीला दिसत नाही. तुम्हाला तरी तुमचे जठर दिसते का?

"इंजिन गेलं हिचं," धनेंद्र आनंदाने म्हणाला. "शनिवारी भंगारवाला येऊन राहिला. आवाज सापडला तर ठीक, नाही तर देऊन टाकतो."

"अन् मी कायच्यावर चालवू? खाटेवर?" फुलवंता म्हणाली.

"तू पह्यले पास तर हो."

हे ऐकून माझ्या रेडिएटरमधले पाणी थंड पडले. भंगारात गेलेल्या मोटारींचे पुढे काय होते हे मला ठाऊक होते. गावातल्या एका जुन्या जीपचे दार आता कोंबड्यांच्या खुराड्याला लावलेले आहे.

शोध सुरू झाला. गावात धानाची गिरणी चालवणारे केशोराव आले. त्यांनी डोळे मिटून आवाज ऐकला आणि म्हणाले, "पट्टा ढिला हाय." केशोरावांना जगातल्या प्रत्येक दुखण्यात ढिला पट्टाच दिसतो. मागे धनेंद्रची कंबर धरली होती, तेव्हाही त्यांनी हेच सांगितले होते. पट्टा बदलला. टकटक चालूच.

म्हाताऱ्या मनिरामला विचारले. त्यांची हयात मळणी यंत्राशेजारी गेली आहे, त्यामुळे त्यांना फार कमी ऐकू येते.

"कोन्ता आवाज?" ते म्हणाले. "मस्त तं चालून राहिली. तुमचे कान दाखवा कोन्या डाक्टरले." आणि रोजच्यासारखे माझे बोनेट उघडून पाणी बघू लागले. मनिराम माझे पाणी फार मनापासून बघत. अर्धा अर्धा तास बघत.

बुधवारी मला गोंदियाला भैय्यालाल मिस्त्रीकडे नेले. आणि काय नवल! निघाल्यापासून टकटक बंद. भैय्यालालने लांब स्क्रूड्रायव्हर माझ्या इंजिनाला टेकवला, दुसरे टोक स्वतःच्या कानाला लावले आणि डॉक्टरसारखा श्वास रोखून उभा राहिला.

"आवाज किधर है, भाई? ये तो मक्खन चल रही है."

"घरी येते," धनेंद्र कसनुसा होत म्हणाला.

"तो घर को दिखाओ मिस्त्री."

गुरुवारी घरी टकटक पुन्हा सुरू. धनेंद्रने भंगारवाल्याला फोन करून शनिवारचे पक्के केले.

शुक्रवार उजाडला. धनेंद्र आम्हाला गोंदियाला घेऊन निघाला. बियाण्याच्या दुकानात काम आहे म्हणून मनिरामही मागे बसले. वाटभर मी टकटकत होते. प्रत्येक टकटकीला धनेंद्र फुलवंताकडे बघे. फुलवंता समोर बघे. मनिराम झोपले होते.

परीक्षेच्या मैदानावर लायसनसाठी आलेली पन्नासेक माणसे उभी होती. परीक्षा घेणारे साहेब माझ्यात येऊन बसले. फुलवंताने किल्ली फिरवली.

टकटकटकटक!

"हा कशाचा आवाज?" साहेब म्हणाले. "बाई, अशा गाडीवर परीक्षा घेता येत नाही. दुसरी गाडी आणा."

"आणतो साहेब," धनेंद्र बाहेरून म्हणाला. "पुढच्या वर्षी."

मित्रांनो, फुलवंताने माझे इंजिन बंद केले. मग उतरली. पदर खोचला. "एक मिनिट थांबा साहेब," म्हणाली आणि माझे बोनेट उघडून दोन्ही हात घालून चाचपू लागली. बॅटरीमागच्या खोबणीत तिचा हात थांबला. तिने ओढून काढली एक ओली पोतडी, मुठीएवढी, गोणपाटाची, सुतळीने बांधलेली. सुतळीचे गाठ मारलेले टोक माझ्या पंख्याच्या पात्यांवर आपटून आपटून पार झिजले होते.

"हात नोको लावू!" मागून आरोळी आली. मनिराम धोतर सावरत पळत येत होते. "बियाणं हाय माह्यं!"

पन्नासेक माना बोनेटकडे वळल्या.

"मामाजी," फुलवंता शांतपणे त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाली, "इंजिनात बियाणं काऊन ठेवलं?"

"तं कुठी ठेवू? उगवण पाहाची हाय. ओलं करून गरम जागी ठेवा लागते. घरी कोंबड्या उकरतेत. इथं ऊबही हाय अन् कोंबडीले बोनेट उघडता येत नाही."

"मंग बुधवारी मिस्त्रीकडे काऊन नव्हतं?" धनेंद्रने विचारले. त्याचा आवाज जरा चिरकत होता.

"त्याच्या हाताले ग्रीस राहते ना! बियाण्याले लागलं तं? खिशात ठेवलं होतं म्या."

बोलता बोलता त्यांनी पोतडी माझ्या नाकावर ठेवून उघडली. आत धान होते आणि दाण्यादाण्याला पांढरा मोड फुटला होता. माझ्या उबेवर! मित्रांनो, मी नवरदेव नेले, बकरी नेली, पण असा अभिमान मला कधी वाटला नव्हता. मी भंगार नव्हते. मी उबवणारी होते!

"सारंच उगवलं की!" मनिराम ओरडले. गर्दी धावली. लायसनला आलेले सगळे शेतकरीच. "कोन्ता वाण हाय, बाबाजी?" "कोन्त्या दुकानातून आणला?" "कोन्तीही गाडी चालते का, का हेच पायजे?" साहेबही वाकले. त्यांनी एक दाणा उचलून उजेडात धरला. "माझ्या भावाला गेल्या वर्षी बियाण्याने दगा दिला," ते म्हणाले आणि वाणाचे नाव हातावर लिहून घेतले. मग त्यांना आपण कोण आहोत हे आठवले. "चला बाई. बसा."

फुलवंताने किल्ली फिरवली. मी सुरू झाले. इतकी गुपचूप, की तिला वाटले मी बंद पडले. तिने पुन्हा किल्ली फिरवली. खर्रर्र! साहेब दचकले, मी दचकले. पण मग आम्ही दोघींनी मैदानात असा देखणा आठ काढला, की मनिरामने बियाण्याकडचे लक्ष काढून टाळी वाजवली.

"पास," साहेब म्हणाले. "फक्त सुरू गाडी पुन्हा सुरू करू नका."

"उद्या भंगारवाल्याले काय सांगू?" धनेंद्रने पडेल आवाजात विचारले.

"सांगा, गाडी पेरणीच्या कामात हाय," फुलवंता म्हणाली. "बसा तिकडून."

धनेंद्र वळसा घालून आला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डाव्या दाराने आत बसला. गाव येईपर्यंत प्रत्येक वळणावर तो उजव्या पायाने जमीन दाबत होता. मित्रांनो, माझ्या डाव्या बाजूला ब्रेक नाही. हे त्याला कोणी सांगितले नाही. मलाही सांगावेसे वाटले नाही.

म्हणून माझी एवढीच विनवणी आहे. तुमच्या घरी जुने वाहन असेल तर त्याचे पाणी बघा, तेल बघा, चाकातली हवा बघा. ते कुरकुरले तर लगेच त्याला निकामी ठरवू नका. आधी बोनेट उघडा आणि आत नीट हात घाला. आणि सापडेल ते फेकून देऊ नका. पेरून बघा.