सव्वा वर्ष

माघातल्या सकाळी धुक्यातून आधी तिच्या पावलांचा आवाज यायचा, मग ती यायची. मोशीत आमच्या इमारतीमागे कंपन्यांच्या कुंपणभिंतीलगत एक अर्धवट सिमेंटचा रस्ता आहे. बराच सरळ जातो आणि कुणाच्या तरी ज्वारीत अचानक संपतो. तांबडं फुटायच्या सुमारास ती त्यावर धावायची. पहिल्या पाळीच्या बसगाड्या हायवेवरून वळल्या की त्यांचा पिवळा उजेड धुक्यावर पसरायचा, आणि त्यात तिची किरकोळ आकृती क्षणभर उजळून पुन्हा करड्या रंगात विरून जायची. तिच्या चेहऱ्याआधी तिचा श्वास दिसायचा. मी गॅलरीत चहाचा कप धरून उभी असायचे. निवृत्त शिक्षिकेला दुसरा उद्योग तरी काय असतो?

शिवकन्या तिचं नाव. माणसं मूळची बीडकडची. बाप चाकणच्या एका कारखान्यात, पत्रा दाबून मोटारींचे भाग काढणाऱ्या यंत्रावर. तिला सैन्यात अधिकारी व्हायचं होतं. बारावीनंतर जिथे आता मुलींनाही घेतात त्या प्रबोधिनीतून, आणि पुढे थेट तोफखान्यात. "अगं, कानठळ्या बसतील," असं मी एकदा म्हणाले, तर ती खुदकन हसली. "पप्पांच्या कंपनीत डबा द्यायला गेलते बाई एकदा. तोफ काय त्याहून मोठी वाजणारे?" बुटाची नाडी बांधतानासुद्धा ती खाली बघत नसे, बोटं आपलं काम करत आणि डोळे रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला लागलेले असत. बागेतल्या घसरगुंडीच्या दांड्याला लोंबकळून ती हनुवटी वर नेई, तेव्हा तिच्या दंडावरची शीर तटतटून फुगे आणि ओठ मात्र शांत मिटलेले असत. सोसायटीतली मंडळी म्हणायची, पोरीच्या जातीला हे कशाला? मला मात्र तिच्याकडे पाहताना छाती भरून यायची, आणि त्याच वेळी आत कुठेतरी काटाही सलायचा, कारण तिच्याबद्दल जे मला ठाऊक होतं ते तिलाही ठाऊक नव्हतं.

बारा-तेरा वर्षांपूर्वीचा जून. शाळेच्या दारात तिचा बाप तिला खांद्यावर घेऊन उभा होता. पोर इतकी लहान, की तिला बालवाडीत धाडावं. "घ्या वो बाई पहिलीत," तो हात जोडून म्हणाला. "हिची माय बी कंपनीच्या क्यान्टीनला पोळ्या लाटाय जाती. दोघं कामाला गेलो की लेकराला खोलीत कोंडून कुलूप लावावं लागतंय." जन्म कधीचा, विचारलं तर म्हणाला, बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. साल सांगितलं. मी बोटांवर मोजलं, पोर पाचाचीही पुरी नव्हती, आणि सहा पूर्ण असल्याशिवाय पहिलीत नाव घालता येत नव्हतं. दाखला गावाकडे, तोही काढलेला नाही. तारीख नसेल तर जूनची पहिली लिहायची, ही आमच्याकडची जुनी रीत. अर्धा महाराष्ट्र त्याच दिवशी जन्मलेला आहे. मी तारीखही लिहिली आणि सालही मागचं लिहिलं. त्यानं सही केली. सव्वा वर्ष एका ओळीत वाढलं. मला वाटलं, मुलीच्या जन्माला सव्वा वर्षानं असा काय फरक पडणार आहे! हे मी स्वतः बाई असून मनात आणलं, हे आज लिहितानाही लाज वाटते.

मग ती वर्गात कायम सगळ्यांत लहान राहिली. शर्यतीत शेवटची, रांगेत पहिली. मुली तिला शेपूट म्हणायच्या. मोठ्यांच्या मागे धावून धावूनच तिच्या पायांत बळ आलं असेल, असं मी पुढे पुष्कळदा मनाशी म्हटलं. पण ते म्हणणं माझ्या सोयीचं आहे, हे मला कळतं.

प्रबोधिनीच्या प्रवेशपरीक्षेला वयाची अट कडक असते. पहिल्या वेळी ती गणितात गेली, दुसऱ्या वेळी मुलाखतीत. तिसऱ्या वेळेचा अर्ज भरताना तिच्या ध्यानात आलं, की कागदावरच्या वयानं ही शेवटची खेप, आणि आई सांगते ते जन्मसाल तर पुढचं आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर एकदा चढलेली तारीख हलत नाही. ती शाळेच्या दाखल्याची प्रत घेऊन माझ्याकडे आली. बाहेर ऊन चढलं होतं, तिच्या कपाळावर घाम होता.

"हे कुणी लिहिलं असेल हो बाई? पप्पांना काहीच आठवत नाही."

"मी लिहिलं."

मी कुलपाचं सांगितलं, खोलीचं सांगितलं, तिच्या आईचं सांगितलं. माझा आवाज मलाच केविलवाणा वाटत होता.

"वर्षातून दोनदा परीक्षा असते," ती हळू म्हणाली. "ह्या सव्वा वर्षात माझ्या पुढच्या दोन संधी गेल्या की बाई."

"गेल्या गं."

"तुम्ही मला कुलपातून काढलंत, ते कळतंय." तिनं कागदाची घडी घातली. "पण राग येतोय."

"येऊ दे," मी म्हणाले.

त्यानंतर ती रस्त्यावरून जायची, पण मान वर करायची नाही. वैशाखात धूळ उडायची, आषाढात चिखल व्हायचा, आणि तिच्या पावलांचा ठेका तेवढा रोज येत राहिला, पूर्वीपेक्षा जलद आणि माझ्या कानाला थोडा कठोर. लेखी झाली. मुलाखतीला पाच दिवस कुठे लांब जाऊन आली. मग वैद्यकीय तपासणी. हे सगळं मला भाजीवालीकडून कळायचं. मी देवाला फारसं काही मागत नाही, पण त्या दिवसांत रोज मागितलं, आणि त्यातलं निम्मं माझ्या स्वतःसाठी होतं.

एके संध्याकाळी तिचा बाप दारात आला. अंगावर कंपनीचाच शर्ट, डोळ्यांत पाणी. "बाई, लेकरू लागलं! यादीत नाव आलं!" ती का नाही आली, विचारलं, तर तो आपल्या चपलांकडे बघू लागला. "म्हणली, बाईला सांगा, शेवटच्या खेपेलाच झालं." मग खिशातून कागद काढून त्यानं भाबडेपणानं विचारलं, "आता ह्या फारमावर जन्मतारीख कोणची घालायची? तुमी लिवलेली, का खरी?"

"मी लिहिलेली," मी म्हणाले. "आता तीच तिची."

ती प्रबोधिनीत दाखल झाली. रस्ता सकाळी नुसता असतो. मी तरीही गॅलरीत उभी राहते, पण हल्ली मनात ती नसते. त्या एका जूनमध्येच मी किती पोरींची वयं अशी वाढवली असतील! त्यांतली एक माझ्या दारात रागावून उभी राहिली, कारण तिला कुठेतरी जायचं होतं. बाकीच्या कधी आल्याच नाहीत. आपलं काही गेलं आहे हे त्यांना माहीत नाही, आणि मला त्यांचे चेहरेही आठवत नाहीत.